विकिपीडियावरचा वाद गर्दीने मिटत नाही

फेब्रुवारी २०२५ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांविषयीच्या मजकुरावरून महाराष्ट्र सायबर पोलिसांनी विकिपीडियाच्या काही संपादकांवर गुन्हा दाखल केला. बिनपगारी, बहुधा टोपणनावाने लिहिणाऱ्या स्वयंसेवकांचा वाद पोलिसांपर्यंत जावा, हे आम्हाला धोक्याचे वाटते. पण बौद्ध समाज म्हणून आपण तिथे कसे वागतो, तेही पाहिले पाहिजे.

आपल्या लोकसंख्येचेच घ्या. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे ८४ लाख बौद्ध नोंदले गेले, त्यातले ६५ लाख महाराष्ट्रात. हा आकडा अपुरा आहे, ही आपली जुनी तक्रार. अनुसूचित जातीचा दर्जा बौद्धांना केंद्राने १९९० मध्ये दिला, तरी दाखला अडेल या भीतीने 'हिंदू' लिहिणारी घरे आजही भेटतात. मग एखादा तरुण चिडून लेखातला आकडा थेट काही कोटींवर नेतो. दुसरा संपादक तो उलटवतो. व्हॉट्सॲपवर हाक जाते, सगळ्यांनी खाती उघडा! इंग्रजी विकिपीडियावर चोवीस तासांत एकाच पानावर तीनपेक्षा जास्त वेळा उलटवले, की खाते रोखले जाऊ शकते. बाहेरून बोलावलेली नवी खाती तर लगेच ओळखू येतात. शेवटी प्रचालक पानाला कुलूप लावतो. आत ८४ लाखच राहतात, आणि आपली मुले बाहेर.

तिथे डोकी मोजत नाहीत. प्रत्येक लेखामागे चर्चा पान असते, तिथे आधार दाखवून सहमती मिळवावी लागते. हे आपल्याला परके का वाटावे? कोसंबीचे भिक्खू शौचालयातल्या पाण्याच्या भांड्यावरून भांडले आणि तथागतांचेही ऐकेनात. विनयात वाद मिटवण्याच्या सात पद्धती आहेत. त्यात बहुमतही आहे, पण पहिली पद्धत दोन्ही पक्षांना समोरासमोर बसवण्याची. भिक्खू संघाला सभेचे नियम ठाऊक होते, हे बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत सांगितलेच आहे.

म्हणून आकडा खोडू नये. त्याखाली, ही नोंद कमी का आहे हे छापील अभ्यासाचा पृष्ठक्रमांक देऊन लिहावे. असे वाक्य टिकण्याची शक्यता जास्त.

अर्थात या नियमांतही अन्याय आहे. आपला कितीतरी इतिहास जयंतीच्या स्मरणिकांत, पत्रकांत आणि म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहे. तो तिथे पुरावा ठरत नाही. ज्यांच्या हाती छापखाने आणि विद्यापीठे होती, त्यांचेच पुस्तक आधार ठरते. नम्रपणे बोलून हे बदलणार नाही. तोवर खैरमोड्यांचे चरित्रखंड आणि शासनाने छापलेले बाबासाहेबांचे ग्रंथ तरी वापरावेत.

२०२७ ची जनगणना तोंडावर आहे. नवा आकडा आला की हाच वाद पुन्हा पेटेल. धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' लिहा, असे सांगत वस्त्यांत फिरणाऱ्या कार्यकर्त्यांनी कुठे काय अडचण आली याच्या तारीखवार नोंदी ठेवाव्यात आणि त्या वर्तमानपत्रांत, नियतकालिकांत छापून आणाव्यात. आकडे येण्याआधीच.