‘उपयोग काय?’

दर वर्षी २८ फेब्रुवारीला आपण राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा करतो. पण रामन यांनी १९२८ साली कलकत्त्यात शोधलेल्या परिणामाचे पुढे काय झाले, याकडे कितीजणांचे लक्ष असते? तो परिणाम मुळात अतिशय क्षीण. सुमारे कोटी प्रकाशकणांतून एखादाच रंग बदलून परततो. १९७४ साली इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथे चांदीच्या खडबडीत पृष्ठभागावर तोच प्रबळ झालेला आढळला. ही वाढ लाखो पटींची असल्याचे १९७७ साली स्पष्ट झाले. धातूतील मुक्त इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या तालावर डोलू लागले, की त्याची ऊर्जा अतिसूक्ष्म जागेत एकवटते.

याच डोलण्यामुळे सोन्याचे सूक्ष्म कण पाण्यात माणकासारखे लाल दिसतात. फॅरेडेने त्यांचा अभ्यास १८५७ साली केला, तो निव्वळ कुतूहलापोटी. करोनाच्या साथीत अनेक चाचणीपट्ट्यांवर उमटलेली लाल रेघ अशाच सुवर्णकणांची होती!

अनुदान मागणाऱ्या संशोधकाला पहिल्याच बैठकीत ‘उपयोग काय?’ असे विचारणाऱ्यांनी हा दीर्घ हिशेब ध्यानात घ्यावा. २०२०-२१ साली आपण संशोधन व विकासावर देशांतर्गत उत्पादनाच्या अवघा ०.६४ टक्के खर्च केला. त्यातही तातडीच्या फळाची अट घातली, तर रोपच लागणार नाही. रामन यांच्या तसबिरीला हार घालणे सोपे आहे. आज निरुपयोगी भासणाऱ्या कुतूहलाला पोसण्याचे धैर्य शासनाने दाखविले, तरच तो वारसा टिकेल.