वार टाकून देण्याआधी

बाळ पोटातच गेले की पहिले प्रश्न आईला विचारले जातात. पपई खाल्ली होती का? ग्रहण पाळले नाही का? जड उचलले का? पुढचा जाब डॉक्टरला. उत्तराचा निदान काही भाग जिच्याकडे असतो, ती वार मात्र तोवर पिवळ्या पिशवीतून जैववैद्यकीय कचऱ्यात गेलेली असते.

आपल्या रक्तातील पक्व तांबड्या पेशीला केंद्रक नसते. गर्भ अगदी लहान असताना मात्र त्याच्या रक्तात केंद्रक असलेल्या, अपक्व पेशीच फिरतात. पुढे त्या झपाट्याने कमी होतात आणि दिवस भरल्यावर वारेतील बाळाच्या रक्तवाहिन्यांत क्वचितच आढळतात. अशा वारेत सूक्ष्मदर्शकाखाली त्या सहज दिसू लागल्या, तर ती धोक्याची खूण असते. बाळाला प्राणवायू कमी पडला की एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक वाढते आणि अस्थिमज्जा व यकृत अर्धवट तयार पेशीही रक्तात सोडू लागतात. याला बहुधा काही तास तरी लागतात. म्हणजे त्रास कळा सुरू होण्यापूर्वीचाही असू शकतो.

पण ही खूण म्हणजे घड्याळ नव्हे. केवळ तिच्यावरून वेळ ठरवू नये, दोष तर नाहीच. आईचा मधुमेह, आरएच विसंगती, बाळाचे रक्त आईच्या रक्तात झिरपणे, सिफिलिस किंवा पार्व्होविषाणूचा संसर्ग यांतही या पेशी वाढतात. यांतले नेमके कारण कळले, तर पुढच्या खेपेला हातात काही उरते. साखर आधीच आटोक्यात आणता येते, सिफिलिसवर पेनिसिलिन देता येते, आरएच निगेटिव्ह आईच्या रक्तातील प्रतिद्रव्यांवर लक्ष ठेवता येते.

प्रत्येक वार तपासण्याची गरज नाही. मृतजन्म, वाढ खुंटलेले बाळ, अकाली प्रसूती, जन्मतः न रडलेले बाळ, एवढ्यांची तरी वार राखून ठेवावी. चार अंश सेल्सिअसला ती आठवडाभर टिकते. गोठवायची मात्र नाही. फॉर्मॅलिन, मेण, काचपट्टी हे साहित्य वैद्यकीय महाविद्यालयांच्या पॅथॉलॉजी विभागात रोजच्या वापरातले आहे. तालुक्याच्या रुग्णालयातून तिथवर डबा पोचवण्याची आणि अहवाल आईच्या हाती देण्याची सोय तेवढी सरकारने लावावी.

नातेवाइकांनीही संकोच न करता विचारावे: वार तपासायला पाठवली का? पपई आणि ग्रहणापेक्षा या प्रश्नाने त्या आईचे अधिक भले होईल.