खडकातील सामाईक खाते

महाराष्ट्राचा चार-पंचमांश भूभाग बेसॉल्ट खडकाचा आहे. अभंग बेसॉल्टमधून पाणी जवळजवळ वाहत नाही. ते भेगांतून वाट काढते. म्हणूनच एका कूपनलिकेस पाणी लागते आणि शेजारची कोरडी राहते. भूजलशास्त्रज्ञ या भेगांची रुंदी, दिशा व जोडणी गणिती प्रतिमानात मांडतात. त्यातील मूळ नियम असा की, दाब तोच असता भेगेची रुंदी दुप्पट झाल्यास प्रवाह आठपट होतो. परंतु भेगांतील साठा अल्पच असतो. उलाढाल मोठी म्हणून भांडवल मोठे नसते, हे व्यापाऱ्यास सांगणे नलगे. जोडलेल्या भेगांवरील कूपनलिका हे तर सामाईक खाते. एकाने अधिक उपसले की दुसऱ्याची शिल्लक घटते. पाणी गाळून वापरणाऱ्या समाजाने ते मोजूनही उपसावे; अपरिग्रहाचे व्रत येथेही पाळावयाचे आहे.