मतांची बेरीज आणि जागांचा ताळेबंद

मते मोजणे म्हणजे बेरजेचे काम. त्यात वाद कसला, असे आपल्याला वाटते. पण बेरीज बिनचूक असूनही ताळेबंद जुळत नाही, असे लोकशाहीत घडते. न्यूझीलंडमध्ये १९७८ आणि १९८१ या दोन्ही निवडणुकांत मजूर पक्षाला नॅशनल पक्षापेक्षा जास्त मते पडली. सत्तेवर राहिला तो नॅशनल पक्षच. १९८१ साली सोशल क्रेडिट या तिसऱ्या पक्षाला २० टक्क्यांहून अधिक मते मिळाली आणि ९२ जागांच्या सभागृहात पदरी पडल्या अवघ्या दोन! पाचातल्या एका मतदाराचे मत गेले कुठे?

तिथेही तेव्हा आपल्यासारखीच पद्धत होती. मतदारसंघात ज्याची मते सर्वांत जास्त तो विजयी. बाकीची मते निम्म्याहून अधिक असली तरी हिशेबाबाहेर. १९८६ साली तिथल्या रॉयल कमिशनने वेगळा मार्ग सुचवला. मतदाराला दोन मते : एक मतदारसंघातल्या उमेदवाराला, दुसरे पक्षाला. पक्षाचा सभागृहातला वाटा या दुसऱ्या मतावरून ठरायचा आणि कमी पडलेल्या जागा पक्षाच्या यादीतून भरायच्या. मोठ्या पक्षांतल्या अनेक पुढाऱ्यांना हे रुचले नाही. पण प्रश्न जनतेपुढे गेला. १९९२ च्या सार्वमतात सुमारे ८५ टक्के लोकांनी बदल मागितला. १९९३ च्या बंधनकारक सार्वमतात मात्र नव्या पद्धतीला ५४ टक्केच मते पडली. बदल मागणे सोपे, नेमका बदल निवडणे अवघड!

पुढे सगळे सुरळीत झाले का? १९९६ च्या पहिल्याच निवडणुकीनंतर सरकार बनायला जवळजवळ दोन महिने लागले. १७ जागांचे पुढारी विन्स्टन पीटर्स दोन्ही मोठ्या पक्षांशी बोलणी करीत राहिले आणि देश वाट पाहत बसला. तरीही २०११ साली पुन्हा विचारले, तेव्हा सुमारे ५८ टक्के लोकांनी हीच पद्धत ठेवली.

आपल्याकडेही हा वाद जुना आहे. जानेवारी १९४९ मध्ये घटना समितीत प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची सूचना आली, तेव्हा साक्षरतेचा अभाव आणि सरकारचे स्थैर्य ही कारणे देऊन डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला. १९९९ साली विधी आयोगाने लोकसभेच्या काही जागा यादीने भराव्यात, असे सुचवले. २०१४ साली भाजपला ३१ टक्के मतांवर बहुमत मिळाले. चार टक्क्यांहून अधिक मते मिळवणाऱ्या बसपला एकही जागा मिळाली नाही.

म्हणजे अन्याय खरा आहे. पण यादीतून आलेला खासदार कुणाचा? गावच्या पुलासाठी, रेल्वेच्या थांब्यासाठी कुणाच्या दारात जायचे? यादीत त्याचे नाव वर घालणारे पक्षश्रेष्ठी हेच त्याचे खरे मतदार ठरतील. तिकिटे कुठे आणि कशी वाटली जातात, हे आपण पाहतोच. म्हणून मिश्र पद्धत आपल्याला जवळची वाटली, तरी आधी यादी कशी बनवायची याचे नियम हवेत, आणि अखेरचा कौल मतदाराचा हवा. ज्याचे खाते त्यानेच त्याचे ऑडिट करू नये, हा बँकेतला साधा नियम. मतदानाची पद्धत ठरवतानाही तो विसरून चालणार नाही.