आईचे नाव आधी

संकरित ऑर्किडच्या लांबलचक नावांना आपण हसतो. मीही हसत असे. पण त्या नावांमागची नोंद वाचायला शिकलो आणि हसू थांबले. नोंदीत जनकांची दोन नावे असतात, मध्ये गुणाकाराची खूण. पहिले नाव आईचे, म्हणजे जिने बी धरले त्या झाडाचे. दुसरे परागकण देणाऱ्याचे. (आमच्या हजेरीपटावर माझ्या नावापुढे फक्त वडील आहेत!) त्या जोडीच्या साऱ्या अपत्यांना मिळून एकच नाव, मग आईबापांची अदलाबदल झाली तरी.

सिंगापूरचे 'वांडा मिस जोआकिम' घ्या. ॲग्नेस जोआकिम या बाईंच्या बागेतले हे फूल १८९३ साली जगापुढे आले, १९८१ मध्ये राष्ट्रीय फूल झाले. जनक 'हुकेरियाना' आणि 'टेरेस' हे ठाऊक होते. त्यांतली आई कोणती, हे पहिल्या वर्णनात लिहिलेच नव्हते. अखेर २०११ साली हरितलवकांतील जनुके तपासली, कारण हरितलवके बहुधा आईकडूनच येतात. आई 'टेरेस' ठरली. एक शब्द लिहायचा राहिला, त्यासाठी शंभरावर वर्षांनी प्रयोगशाळा गाठावी लागली!

म्हणून आईचे नाव वेगळ्या रकान्यात नव्हे, नावातच हवे, असे माझे मत आहे. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली तसा निर्णय घेतला, पण १ मे २०१४ पासून जन्मलेल्यांसाठी. मी त्याआधीचा. या लेखाखाली मी आईचे नाव घालून सही केली आहे; संपादकांनी कृपया ते कापू नये.