संत्र्याच्या सालीने कॅन्सर बरा होतो का?

धरमपेठेत हातगाडीवर मिळणाऱ्या संत्र्याच्या सालीत हेस्पेरिडिन असतं, कांद्यात क्वेर्सेटिन. ही वनस्पतींमधली फ्लेव्होनॉइड्स. प्रयोगशाळेत त्यांना तांबं किंवा व्हॅनेडियमसारखा धातू जोडला, की काही प्रयोगांत कॅन्सरच्या पेशी जास्त मरतात. पण काचेच्या बशीतल्या पेशी ब्लीचनेही मरतात! औषध रक्तात पोहोचतं का, निरोगी पेशी वाचतात का, हे खरे प्रश्न.

प्लॅटिनमपासून बनणाऱ्या सिस्प्लॅटिनचा पेशींवरचा परिणाम १९६५ मध्ये कळला. अमेरिकेत मंजुरी मिळाली १९७८ मध्ये. मधली १३ वर्षं तपासण्या-चाचण्यांची. तरीही मूत्रपिंडांना त्याचा धोका असतोच. फ्लेव्होनॉइड आणि धातूचं संयुग असलेलं एकही कॅन्सरचं औषध अजून मंजूर नाही. घरचा काढा म्हणजे ते संयुग नव्हे. केमो सुरू असेल तर तो डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.