पुढची पाळी कोणत्या वस्तीची?

महानगरातील कोणती जुनी वस्ती येत्या दहा-पंधरा वर्षांत श्रीमंतांची होणार, हा प्रश्न सामान्यतः जमिनीच्या दलालांचा मानला जातो. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून गुंतवणुकीचा सल्ला म्हणून त्याची चर्चा होते. परंतु ज्या वस्तीविषयी हे भाकीत केले जाते, तीत राहणाऱ्या माणसांच्या दृष्टीने तो वास्तव्याचा प्रश्न आहे. म्हणूनच हे भाकीत कोणी करावयाचे, केव्हा करावयाचे आणि ते कोणाच्या हाती पडावयाचे, याचा विचार सार्वजनिक धोरणाच्या कक्षेत आणणे अगत्याचे झाले आहे.

१९६४ साली ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ रूथ ग्लास यांनी लंडनमधील बदलाचे वर्णन करताना ‘जेंट्रिफिकेशन’ हा शब्द योजला. कामकरी वर्गाच्या वस्तीत सुस्थित वर्ग शिरतो, जुनी घरे नवी होतात, भाव चढतात आणि मूळचे रहिवासी हळूहळू दिसेनासे होतात, ही ती प्रक्रिया. मराठीत तिला वस्तीचे उच्चवर्गीकरण म्हणता येईल. १९७९ साली भूगोलज्ञ नील स्मिथ यांनी तिची आर्थिक कारणमीमांसा केली. जमिनीतून प्रत्यक्ष मिळणारे भाडे आणि तिचा सर्वांत फायदेशीर उपयोग केल्यास मिळू शकणारे भाडे यांत दरी पडते. ती पुरेशी रुंदावली की भांडवल त्या वस्तीकडे वळते. श्रीमंतांची अभिरुची बदलते ती मागाहून. आधी बदलतो तो जमिनीचा हिशेब.

दरी आणि दार

मुंबईत ही दरी रुंदावण्यास कायद्याचाही हातभार लागला. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठविली. १९९९ च्या कायद्यानेही जुन्या भाडेकरूंचे संरक्षण बहुतांशी कायम ठेवले. या संरक्षणामुळेच गिरगाव, लालबाग, परळ या भागांत कारकून, शिक्षक आणि गिरणी कामगार पिढ्यान्‌पिढ्या राहू शकले, हे श्रेय नाकारता येणार नाही. मात्र दुरुस्तीपुरतेही भाडे हाती न येणाऱ्या मालकांनी इमारतींकडे पाठ फिरविली आणि शहरातील अत्यंत मोक्याच्या जमिनीवर मोडकळीस आलेली घरे, असे विपरीत चित्र निर्माण झाले.

तथापि केवळ दरी पाहून भाकीत करणारा फसण्याचा संभव असतो. गिरणगावाचा इतिहास याची साक्ष देईल. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यानंतर एकामागून एक गिरण्या बंद पडत गेल्या. शहराच्या मध्यभागातील सुमारे ६०० एकर जमिनीचा प्रश्न उभा राहिला. दरी तेव्हाच पडली होती. पण मनोरे लगेच उभे राहिले नाहीत. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी अन्य उपयोगासाठी खुल्या केल्या खऱ्या, परंतु त्यातील सुमारे एकतृतीयांश जमीन मोकळ्या जागांसाठी महापालिकेला व तितकीच घरांसाठी म्हाडाला द्यावी, अशी अट घातली. बहुतेक मालक स्वस्थ बसून राहिले. २००१ साली नियम दुरुस्त झाला आणि ही वाटणी केवळ बांधकाम नसलेल्या जमिनीपुरती उरली. सार्वजनिक वाटा आक्रसला. तो पूर्ववत करणारा मुंबई उच्च न्यायालयाचा २००५ चा निर्णय मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकला नाही. दरम्यान २००५ सालीच राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाची लोअर परळ येथील एक गिरणी ७०२ कोटी रुपयांना विकली गेली होती. दरी बाजाराने पाडली. दार उघडले ते सरकारी नियमाने.

तिसरी खूण दळणवळणाची. नवा रस्ता, पूल किंवा मेट्रोचे स्थानक आले की जमिनीचे संभाव्य भाडे वाढते आणि दरी अधिकच रुंदावते. स्वस्त व जुने वास्तव्य, बदललेला नियम आणि नवे दळणवळण या तीन खुणा जेथे एकत्र येतात, तेथे पुढची पाळी येणार, असे मानावयास हरकत नाही.

या कसोटीवर मुंबईचा नकाशा पाहिला तर उत्तर फारसे अवघड नाही. शिवडी, काळाचौकी, नायगाव हा पूर्वेकडील पट्टा त्यात अग्रभागी येतो. १२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झालेला २१.८ किलोमीटरचा अटल सेतू शिवडीत उतरतो, तेथून वरळीकडे जाणाऱ्या उन्नत मार्गाचे काम हाती घेण्यात आले आणि शेजारीच बंदराची विस्तीर्ण जमीन आहे. दुसरा पट्टा गिरगाव-काळबादेवीचा. जुन्या उपकरप्राप्त इमारतींनी भरलेल्या या भागाखालून ऑक्टोबर २०२५ मध्ये भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत धावू लागली. तिसरी धारावी. वांद्रे-कुर्ला संकुलाला लागून असलेल्या या वस्तीच्या पुनर्विकासाची ५,०६९ कोटी रुपयांची निविदा २०२२ मध्ये सर्वोच्च ठरली, तेव्हाच तिचे भवितव्य पुष्कळसे निश्चित झाले. यांपैकी कोणतीही गोष्ट गुप्त नाही. ती राजपत्रात, विकास आराखड्यात आणि निविदांच्या कागदपत्रांत नमूद आहे. विकासकाजवळ हे कागद वाचणारी माणसे आहेत, भाडेकरूजवळ नाहीत. दोन पक्षांतील खरी विषमता येथूनच सुरू होते.

घर मिळाल्यानंतर

मुंबईतील विस्थापन नेहमीच बेदखलीच्या नोटिशीने होते असे नाही. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथील २०७ बीडीडी चाळी १९२० च्या दशकात बांधल्या गेल्या. तेथील १६० चौरस फुटांच्या खोलीच्या जागी मूळ रहिवाशाला ५०० चौरस फुटांचे मालकीचे घर देण्याची योजना आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतील ५५६ कुटुंबांना अशा घरांच्या किल्ल्या मिळाल्या. सामायिक शौचालयांत आणि गळक्या छपराखाली आयुष्य काढलेल्यांना हा लाभ मिळू नये, असे कोण म्हणेल? चाळीच्या आठवणींनी गहिवरणे सोपे असते. तीत राहणे सोपे नसते.

परंतु उंच इमारतीतील घर ही मिळकत असते, तसाच तो मासिक खर्चही असतो. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मुंबईत २०२२ पासून मालमत्ता करातून सूट आहे. लिफ्ट, पाण्याचे पंप, सुरक्षारक्षक, अग्निशमन यंत्रणा यांना मात्र सूट नाही. पुनर्विकसित इमारतीतील देखभालीचा खर्च चौरस फुटास महिना दहा रुपये धरला, तर अशा घरामागे तो ५,००० रुपये होतो. कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत २०१४ साली निश्चित झालेले किमान निवृत्तिवेतन महिना १,००० रुपये आहे. या दोन आकड्यांमधील अंतर ज्याला भरून काढता येत नाही, तो घर विकून बदलापूर-विरारकडे जातो. कागदोपत्री हा त्याचा स्वखुशीचा व्यवहार ठरतो.

शिवाय मूळ रहिवासी म्हणून ज्यांची नोंदच नाही, त्यांना हा पर्यायही नसतो. पोटभाडेकरू, दुकानातील नोकर, दुसऱ्याच्या ओट्यावर धंदा करणारा इस्त्रीवाला, खाणावळ चालविणारी स्त्री हे कोणत्याही पात्रता यादीत बसत नाहीत. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली ज्यांना अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केले, त्या गिरणगावातील खाणावळवाल्या स्त्रियांचा व्यवसाय वस्तीतील कामगारांवरच उभा होता. माणसे गेली की असे व्यवसाय इमारत पाडण्याची वाट पाहत नाहीत. २००१ च्या जनगणनेत मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३३.३८ लाख होती. २०११ मध्ये ती ३०.८५ लाखांवर आली. गिरणगावात मनोरे उभे राहत होते त्याच दशकातील ही घट आहे. तिला कारणे अनेक असतील. पण बांधकाम वाढले म्हणजे वास्तव्य वाढलेच, हा समज तिने खोटा ठरविला.

अशा भाकितांची अधिकृत प्रसिद्धी केली तर भाव आणखी भडकतील, असा आक्षेप घेतला जाईल. तो अगदीच निराधार नाही. परंतु ज्यांच्या खरेदीने भाव भडकतात, त्यांना ही माहिती आधीच असते. ती सर्वांस एकाच दिवशी मिळाली, तर निदान स्वस्तात खोली विकून बसणारा भाडेकरू सावध होईल.

यासाठी तीन गोष्टी करता येण्याजोग्या आहेत. चटई क्षेत्र वाढविणारा नियम किंवा मोठा दळणवळण प्रकल्प मंजूर करण्यापूर्वी महापालिकेने त्या वस्तीवरील संभाव्य परिणामांचे विवरण मराठीत प्रसिद्ध करावे आणि प्रत्यक्ष राहणाऱ्या व धंदा करणाऱ्या सर्वांची, पोटभाडेकरूंसह, नोंद करावी. दुसरे, रहिवाशांसाठी ठेवावयाचा निधी प्रत्येक इमारतीच्या घासाघिशीवर न सोडता देखभालीच्या वास्तविक खर्चाशी कायद्याने निगडित करावा. तिसरे, वाढीव चटई क्षेत्राचा ठराविक हिस्सा सार्वजनिक मालकीची भाड्याची घरे म्हणून कायम राखावा. शहरातील शाळेत शिकविणारा शिक्षक व कचेरीत काम करणारा कारकून तेथे राहूही शकावयाचा असेल, तर मालकीच्या घरांखेरीज भाड्याच्या घरांचीही गरज आहे.

यांतील पहिल्या उपायास तर पैसाही फारसा लागणार नाही. शिवडी, काळाचौकी आणि गिरगाव येथे अद्याप वेळ आहे. लोअर परळमध्ये तो २००१ सालीच गमावला गेला.